बंबाच्या खटल्याला बारा माणसं

ज्युरी, म्हणजे खटल्याचा निकाल देणारी बारा साधी माणसं, निवडणं हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे, असं मी खटल्याच्या आदल्या दिवशी माझ्या बॉसला सांगितलं. इतक्या ठामपणे सांगितलं, की मलाही ते खरं वाटायला लागलं. तोपर्यंत मी एकही ज्युरी निवडली नव्हती, पण असल्या बारीकसारीक गोष्टी बॉसला सांगून तिचा वेळ कशाला घ्या!

माझी बॉस लोर्ना पोस्पिशिल ही आमच्या काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, मुख्य सरकारी वकील. नेब्रास्कात हे पद निवडणुकीने मिळतं, आणि निवडणूक तोंडावर आली होती. मी तिचा एकुलता एक सहायक, तोही कच्चा. म्हणजे कधीही हाकलता येण्याजोगा.

"टोबिन," लोर्ना म्हणाली, "या खटल्याकडे अख्ख्या काउंटीचं लक्ष आहे. हरलास तर टेबल रिकामं करायचं. आणि ज्युरीच मिळाली नाही, तर ऑफिसात यायचीही तसदी घेऊ नकोस. मी पोस्टाने पाठवीन."

"टेबल?"

"तुझं सामान, गाढवा!"

खटला साधा होता. आरोपी रोली ब्रँडल. दारात उभा राहिला तर दार लावायची गरज नाही. मान नाहीच, डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं. जुलैतल्या एका दुपारी रोलीला भूक लागली आणि नेमका त्याचा ट्रक बंद पडला. समोर अग्निशमन केंद्राचं दार सताड उघडं, आणि बंबाला किल्ली लावलेली. रोलीने बंब काढला, सायरन लावला आणि बर्गर आणायला गेला! गाडीतून न उतरता बर्गर घ्यायची जी खिडकी असते, तिच्यावर छप्पर असतं. बंब त्या छपरापेक्षा उंच असतो. हे रोली सोडून सगळ्यांना माहीत होतं. बंब छपराखाली असा घट्ट बसला, की संध्याकाळी ट्रॅक्टर लावून ओढावा लागला. तो बघायला सारं गाव जमलं होतं.

सारं गाव साक्षीदार! याहून सोपा खटला कुठला? मी खूश होतो. आपल्याला ज्युरीही याच गावातून निवडायचीय, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

भीती वाटत होती ती रोलीची. कोर्टाच्या पहिल्या तारखेला त्याने माझ्याकडे बराच वेळ टक लावून बघितलं आणि विचारलं, "पाण्याच्या टाकीजवळचं पिवळं घर तुझंच ना?"

बास, एवढंच. त्या दिवसापासून मी दाराला खुर्ची लावून झोपत होतो.

खटल्याच्या सकाळी कोर्ट भरलं. समोर उंचावर जज वाइडमनबाई. त्या कधी ओरडत नाहीत. रागावल्या की फक्त चष्मा काढतात. त्यांनी चष्मा काढलेला बघून एका वकिलाने वकिली सोडून मधमाश्या पाळल्या, असं म्हणतात. मागच्या बाकावर लोर्ना सूर्यफुलाच्या बिया फोडत बसली होती. कट्. कट्. प्रत्येक आवाजाला माझा एक एक दिवस कमी होत होता.

प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं, ज्युरीला बोलतं करा. मी कोट सारखा केला आणि बोलावलेल्या माणसांना विचारलं, "या खटल्यात आपल्याला निःपक्षपातीपणे वागता येणार नाही, असं कुणाला वाटतं का?"

मक्याचं शेत एका रात्रीत वर यावं तसे हात वर आले!

"मी त्याच रांगेत होते!" एक आजी उठल्या. "हा सायरन वाजवत आला. मला वाटलं आग लागली, मी मुकाट बाजूला झाले. आग कसली, मेल्याने कांदा जास्त घाला म्हणून सांगितलं!"

"तुम्ही जाऊ शकता," जजबाई म्हणाल्या.

"मी बंबावर चढून फोटो काढला," एक पोरगा म्हणाला. "घरी भिंतीवर लावलाय."

"जा."

मग सहा-सात दणकट माणसं एकदमच उठली. "आम्ही अग्निशमन दलात आहोत. बंब आमचाच आहे."

"जा."

"रोली माझा मावसभाऊ."

"माझाही!"

"माझ्या बायकोचा, पण आमचं बोलणं नाही."

जजबाईंनी चष्म्याला हात लावला. तेवढ्यात हावलिचेकबाई उठल्या. तिसरीत मला शिकवायला होत्या त्या!

"टोबिन, खिशातले हात बाहेर."

मी काढले.

"जजबाई, हा घाबरला की याला उचक्या लागतात. फार दया येते हो! मी दयेपोटी याच्याच बाजूने निकाल देईन."

"माझी हरकत आहे!" रोलीचा वकील ताडकन उठला.

"हिक्!" मी म्हणालो.

हावलिचेकबाईही गेल्या. उरली पाच माणसं. ज्युरीला बारा लागतात. जजबाईंनी चष्मा काढला! मी नकळत टेबलाचा कोपरा धरला.

"शेरिफ," त्या म्हणाल्या, "बाहेर जा आणि रस्त्यात मिळतील ती माणसं घेऊन या."

हा आमच्याकडचा जुना कायदा. ज्युरी कमी पडली तर शेरिफने, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाने, रस्त्यावरून माणसं उचलायची. शिकताना आम्ही याला खूप हसलो होतो. शेरिफ गस मात्र हसला नाही. जन्मभर याच हुकमाची वाट बघितल्यासारखी त्याने टोपी चढवली.

"कुणालाही?"

"कुणालाही."

"वा!" म्हणून तो धावतच सुटला.

लोर्ना माझ्या कानाशी आली. "टोबिन, तो जी माणसं उचलतोय ना, ती मतदार आहेत. माझे!"

"हिक्!"

ती गेली, तोच पलीकडच्या टेबलावरून एक सावली माझ्यावर पडली. रोली! त्याचा वकील पाणी प्यायला गेला होता.

"तुझ्या घराचा रंग उडालाय," रोली हळूच म्हणाला. "मी रंगारी आहे. सुटलो तर स्वस्तात करून देईन."

ही धमकी, लाच की धंदा? कायद्याच्या कुठल्या कलमात बसवावं ते कळेना! आरोपीशी वकिलाच्या गैरहजेरीत बोलायला मला मनाई आहे, म्हणून मी फक्त उचकी दिली आणि खुर्ची लांब सरकवली.

शेरिफ गसची मोहीम फत्ते झाली होती. आधी आला विरघळतं आइस्क्रीम धरलेला टपालवाला. मग दंतवैद्याच्या खुर्चीतून उचललेले एक काका, अर्धा जबडा बधिर, बोलणं फक्त "ऊंफ." मग बादलीत जिवंत मासा घेतलेला एक कोळी. "मला मासा सापडला, शेरिफला मी सापडलो!" तो कडाडला. मग हाताला लागलेली आणखी तीन माणसं. आणि सगळ्यांच्या मागून ग्रेटा सेडलाचेक, पार्लरमधून थेट! डोक्यावर चांदीच्या कागदाच्या पुड्या आणि त्यांतून ओघळणारा रंग.

"हा वेळेत धुतला नाही, तर केस हिरवे होतात!" ग्रेटा किंचाळली. "बहिणीचं लग्न आहे शनिवारी!"

"निःपक्षपातीपणे वागाल ना?" जजबाईंनी विचारलं. "जो नाही म्हणेल, त्याला उद्या पुन्हा बोलावीन."

"वागू!" सगळे गरजले.

"ऊंफ!" काका म्हणाले.

बारा भरले! बाराही जण ज्युरीच्या खुर्च्यांत बसले आणि एकदमच मान वळवून रोलीकडे बघू लागले. आइस्क्रीमचा थेंब पडला. मासा फडफडला. ग्रेटाच्या कानाशी पहिली हिरवी बट दिसू लागली. याच माणसामुळे आपण इथे आहोत, एवढं त्या सगळ्यांना कळलं होतं.

आणि अहो आश्चर्य! रोली ब्रँडल, दाराएवढा माणूस, लटलट कापायला लागला.

"मी गुन्हा कबूल करतो," तो पुटपुटला. "बंब मी नेला. बर्गरही मीच खाल्ला. फक्त या लोकांना माझ्याआधी घरी जाऊ द्या. बरंच आधी!"

जिंकलो! माझी उचकी थांबली. नोकरी वाचली! मी वळून लोर्नाकडे बघितलं, तर ती चक्क हसत होती.

"ज्युरीचे आभार," जजबाई म्हणाल्या. "आता तुमची गरज नाही."

बारापैकी एकही जण उठला नाही.

"म्हणजे," ग्रेटा सावकाश म्हणाली, "आम्हाला फुकट आणलं?"

आणि त्या बारा माना एकदमच माझ्याकडे वळल्या.

लोर्ना निवडून आली. तिच्याविरुद्ध कुणी उभंच नव्हतं. हे तिने आधी सांगितलं असतं, तर माझ्या निम्म्या उचक्या वाचल्या असत्या! माझी नोकरी पक्की झाली, फक्त गावात वावरता येईना. टपाल येत नाही. इथल्या दंतवैद्याकडे तोंड उघडायची हिंमत होत नाही. केस कापायला, भाजी आणायला मी शेजारच्या काउंटीत जातो.

गेल्या आठवड्यात तिकडे जाताना आरशात मागच्या गाडीत काहीतरी हिरवं दिसलं. मी गाडी जी सुसाट सोडली, ती काउंटीची हद्द ओलांडल्यावर तिकडच्या पोलिसानेच थांबवली. मागून हिरवी टोपी घातलेला एक शेतकरी शांतपणे निघून गेला. माझ्यावर बेदरकार गाडी चालवल्याचा गुन्हा दाखल झाला.

काल तिकडच्या कोर्टात उभा राहिलो. तिथले जज सज्जन माणूस. त्यांनी चष्मासुद्धा काढला नाही. हसून म्हणाले, "घाबरू नका. तुम्हाला ज्युरीसमोर—"

"गुन्हा कबूल!" मी ओरडलो. "सगळं कबूल!"

"अहो," जजसाहेब म्हणाले, "अजून तुमचं नावसुद्धा विचारलेलं नाही."