एकदाच विचारायचं

दिपमालाला इंग्रजी येत होतं, हीच खरी अडचण होती. ज्याला येत नाही त्याच्यासाठी जळगावात गल्लोगल्ली क्लास आहेत. येत असूनही नापास होणाऱ्यासाठी अजून कुणी पाटी लावलेली नाही.

ती एका खाजगी दवाखान्यात नर्स होती आणि इंग्लंडातल्या एका हॉस्पिटलने तिला घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, वरच्या पातळीची इंग्रजी परीक्षा पास व्हायची. वाचन, लेखन, बोलणं तिने पहिल्याच झटक्यात काढलं. ऐकण्याच्या पेपरात मात्र ती दोनदा आपटली. आता मार्चच्या आत पास झाली तर नोकरी, नाहीतर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. तिचे सासरे छगन नाना दीपनगरच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. रोज सकाळी मेहरूण तलावाच्या फेरीत भेटेल त्याला त्यांनी सून इंग्लंडला निघाल्याचं सांगून टाकलं होतं. ती पुन्हा नापास झाली असती तर नानांना फिरायला दुसरा तलाव शोधावा लागला असता.

ऐकण्याचा पेपर म्हणजे इंग्रज माणसं आपसात बोलतात, मग एक प्रश्न येतो आणि तीन पर्यायांतला एक निवडायचा. दिपमाला आधी इयरफोन लावून सराव करायची. पण मग सासूबाईंची, म्हणजे भिकुबाई अक्कांची हाक तिला ऐकू यायची नाही, आणि सून ऐकण्याचा अभ्यास करतेय म्हणून सासूचं ऐकत नाही हे अक्कांना पटेना. शेवटी सराव मोबाईलच्या स्पीकरवर, स्वयंपाकघरात, सगळ्यांच्या साक्षीने सुरू झाला. तिचा नवरा नवल बाकीच्यांना मराठीत अर्थ सांगायचा.

एका रेकॉर्डिंगमध्ये एक पाहुणा कुणा बाईकडे आला होता. तो निघाला तेव्हा बाई म्हणाली, जेवूनच जा. तो म्हणाला, नको, आभारी आहे, मला भूक नाही. मग प्रश्न आला, पाहुणा आता काय करील? जेवायला थांबेल, घरी जाईल, की उद्या परत येईल? दिपमालाने 'जेवायला थांबेल' वर बोट ठेवलं. नवलनेही तेच म्हटलं. अक्का भाकरी थापत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही.

"जेवीसन जाई तो. पहिला डाव कोणी हो म्हणस का?"

भूक नाही म्हणाला म्हणजे सडकून लागलेली असणार, असं नानांचंही मत पडलं. उत्तर उघडलं तर 'घरी जाईल'. ज्याने उत्तरं लिहिली त्याच्या घरी कधी पाहुणा आलेलाच नाही, असं नानांनी जाहीर केलं.  दिपमालाने मात्र जुने चुकलेले प्रश्न काढून पाहिले. गाडीत येतेस का म्हटल्यावर कुणी नाही म्हणालं, की हिने ती गाडीत बसणार असं उत्तर दिलेलं. पार्टीला येणार नाही म्हणणारा साहेब हिच्या मते पार्टीला पोहोचलेला. शब्द न् शब्द तिला कळत होता. माणसं मनातलं पहिल्याच वेळी बोलून मोकळी होतात, यावर तेवढा तिचा विश्वास बसत नव्हता.

रोगाचं मूळ सापडल्यावर नानांना राहवेना. जन्मभर त्यांनी वीज केंद्रात नियम पाळले होते, आता एक करायची संधी आली होती. "आजपासून या घरात एकदाच विचारायचं," ते म्हणाले. "हो तर हो, नको तर नको. आग्रह बंद. पोरीच्या कानाला सवय लागली पाहिजे."

सवय लागली. चहाला एकदा नको म्हटलं की कप परत जायचा. नवल दुसऱ्या पोळीला सवयीने नको म्हणायचा आणि अर्धपोटी दुकानात जायचा. नानांना काही त्रास नव्हता, ते घरात कधी नको म्हणतच नसत. दिपमालाचे सरावातले मार्क मात्र भराभर वाढू लागले, त्यामुळे नियमाला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

अशात धुळ्याहून व्याही आले. नानांची मुलगी रूपा धुळ्याला दिलेली, तिचे सासरे झुलाल आबा. थंडीचे दिवस, वांगी कोवळी, तेव्हा बेत भरिताचा. आबा सकाळपासून पोट रिकामं ठेवून आले होते, कारण व्याह्याकडे भरीत खायला भरल्या पोटी कुणी जात नाही. त्यांनी पहिलं वाढलेलं संपवलं. अक्का पातेलं घेऊन आल्या तसा आबांनी रीतीप्रमाणे ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाले, "बस, बस. पोट भरनं."

अक्कांचा हात पुढे झालाच होता. नानांनी डोळे वटारले. अक्का दोन पावलं मागे सरल्या आणि पातेलं ओट्यावर ठेवून आल्या. आबांचा हात ताटावर तसाच होता. आता ओढाताण होईल, आपण हात काढू, मग भरीत पडेल, असा त्यांचा हिशोब असावा. बऱ्याच वेळाने त्यांनी हात काढला तेव्हा ताट कोरडंच होतं. नानांनी त्यांच्या हातावर पाणी घातलं आणि व्याह्यांना आज किती मोकळेपणाने वागवलं म्हणून मनातून खूश झाले.

परतताना आबा एरंडोलला एका हॉटेलात शेवभाजी खाताना सापडले. सापडले म्हणजे नात्यातल्याच एकाने पाहिलं. आबा धुळ्याला पोहोचायच्या आत बातमी पोहोचली, की जळगावकरांनी व्याह्याला उपाशी परत पाठवलं. संध्याकाळी रूपाचा रडत फोन आला. तिचं संक्रांतीला माहेरी येणं रद्द झालं होतं, आणि सासू येता-जाता तिला विचारत होती, की तुमच्याकडे ताटात वाढतात की नुसतं दाखवतात?

नाना समजूत घालायला धुळ्याला गेले. इंग्रजी परीक्षा, तीन पर्याय, पाहुण्याचं घरी जाणं, सगळं त्यांनी आबांना तपशीलवार समजावून सांगितलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जेवता का?"

"नको, नको, जेवूनच निघालो," नाना म्हणाले. दुसऱ्याच्या घरी त्यांच्या तोंडून दुसरं काही निघणंच शक्य नव्हतं.

"बरं," आबा म्हणाले आणि आत जेवायला गेले.

परतीच्या वाटेवर एरंडोल लागलं. पण कुणी पाहील म्हणून नाना बसमधून उतरलेसुद्धा नाहीत. घरी येऊन त्यांनी जे काही खाल्लं ते अक्कांनी पाहिलं आणि परीक्षा चुलीत घाला म्हणाल्या. दिपमालालाही फार वाईट वाटलं. नियम सोडून द्या नाना, रूपाताईंच्या संसाराला माझ्यापायी त्रास नको, असं ती म्हणाली. नाना ऐकेनात. एवढी अब्रू घालवून पुन्हा नापास झालीस तर मी दोन्ही गावांतून उठेन, असं त्यांचं म्हणणं पडलं.

फेब्रुवारीत दिपमाला नाशिकच्या केंद्रावर परीक्षा देऊन आली आणि पास झाली. ऐकण्यातच सगळ्यांत जास्त मार्क. नवलने पेढे घेऊन धुळे गाठलं, धुळ्यापुरता नियम मोडून आबांना जेवायला या म्हणून इतक्यांदा विनवलं, की ते शेवटी रूपाला घेऊनच आले आणि भरीत तीनदा घेतलं.

दुसऱ्या दिवशी दिपमाला अक्कांजवळ जाऊन बसली. नवलला इंग्लंडला जायला अजून वेळ होता, आधी तिला एकटीलाच जावं लागणार होतं. तिने विचारलं, "अक्का, मी जाऊ ना?"

"जाय बेटा," अक्का म्हणाल्या. "आम्हनं काय शे, आम्ही राहसूत."

"परवानगी मिळाली," नाना म्हणाले. "बॅगा भरा."

परीक्षेत असतं तर दिपमाला इथे योग्य पर्यायावर खूण करून उठली असती. पण तिला अक्का चांगल्या माहीत होत्या. तिने पुन्हा विचारलं. अक्का म्हणाल्या, सांगितलं ना एकदा, जाय. तिने तिसऱ्यांदा विचारलं. अक्कांनी पदराने हात पुसले, कितीतरी वेळ पुसतच राहिल्या.

"माले बी ली चाल तुन्हा संगे."

 दोंडाईच्याहून लग्न होऊन जळगावला आलेल्या या बाईला, तुला कुठे जावंसं वाटतं, असं आजवर कुणी एकदाही विचारलं नव्हतं.  दिपमालाने अक्कांचा हात धरला आणि काही महिने तरी नक्की नेते म्हणाली. नवल लगेच मोबाईलवर पासपोर्टचं बघू लागला. तिकडच्या थंडीला स्वेटर पुरेल का, असं अक्का विचारू लागल्या.

मग दिपमालाला आठवण झाली. "नाना, तुम्हीही चला ना."

नानांनी घसा खाकरला, मिशीवरून हात फिरवला आणि तोंड जरा बाजूला केलं. "मी कशाला? मला नको बुवा."

"बरं," अक्का म्हणाल्या, आणि स्वेटर जळगावातच घ्यावेत की तिकडे, यावर सासू-सुनेचं बोलणं पुढे सुरू झालं. नाना बराच वेळ दारात उभे होते.