रुमालाखालची बोटं

विजयमालेसाठी पियानोचा मास्तर मी स्वतः पारखून निवडायचा, असं मी ठरवलं. (इथंच चुकलं. मी आणलेलं लुगडंसुद्धा घरात कधी पास झालेलं नाही.) पोरगी साताऱ्याच्या मिशनच्या शाळेत मडमेकडून पियानो शिकली. लढाई संपली, मडम विलायतेला निघाली आणि जाताना बजावून गेली, "हिचं वाजवणं बंद करू नका." मुंबईच्या कॉलेजचं नाव काढताच आमच्या मंडळींनी, म्हणजे चंद्राबाईंनी, डोळ्याला पदर लावला. राहिलं सांगलीतलं नवं संगीत कॉलेज आणि तिथले एकुलते एक आल्मेडा मास्तर. निवडायला तसं काही उरलंच नव्हतं. पण बापानं रुबाब सोडून कसं चालेल?

मी कोरेगावच्या बैलबाजारातला कारकून. आमच्याकडे बैलाच्या भावाचं चारचौघांत बोलत नाहीत. हातावर रुमाल टाकायचा आणि आत बोटं धरायची. जेवढी बोटं, तेवढा आकडा. सभ्य माणसाची हीच रीत.

आम्ही तिघं सांगलीला कॉलेजात मास्तरांपुढं जाऊन बसलो. विजयमालेनं वाजवलं. मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं. मग पोरगी श्वास रोखून माझ्याकडे बघायला लागली. मी मास्तरांशेजारी सरकलो, रुमाल टाकला आणि आत हात दिला.

मास्तर जरा चपापले. मग त्यांनी माझं एक बोट दाबलं. ठीक. दुसरं दाबलं. परवडेल. मग पाचही धरली, सोडली, पुन्हा धरली, अंगठा मागं वाकवला! हात थांबेचना. इकडे माझा ऊस गेला, विहीर गेली, घरावरची कौलं निघाली.

"आवं, एवढा घाम कशाचा?" चंद्राबाई म्हणाल्या.

"चला घरी. न्हाई जमायचं आपल्याला."

विजयमालेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. विहीर विकतो पण हिला शिकवा, असं मी म्हणणार, तोच चंद्राबाईंनी सरळ विचारलं, "मास्तर, फी काय वो तुमची?"

"बाहेर पाटीवर आहे. सगळ्यांना सारखीच."

पोरगी धावत जाऊन वाचून आली. अहो, तेवढ्याचं तर मी पान खातो!

"मग घेता न्हवं पोरीला?" मी विचारलं.

"घेतली! फार गोड हात आहे तिचा." मग मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला. "तुम्ही मात्र वाईट वाटून घेऊ नका. सगळ्यांसमोर स्वतःचं विचारायला लाजलात, मी समजलो. बोटं नीट तपासली तुमची. या वयात नाही जमायचं."