मूळ गाव : झाड

आमच्या मंडळाच्या सभासद-अर्जात 'मूळ गाव' असा एक रकाना असतो. दिल्लीतली मराठी माणसं तो भरताना पेन जरा दाबून धरतात. सातारा, सांगली, रत्नागिरी. साठ्येकाकांनी मात्र तिथे एका वर्षी 'आफ्रिका' लिहिलं, पुढच्या वर्षी 'समुद्र', आणि ज्या वर्षी सभासदांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं त्या वर्षी 'झाड'.

मी फोन केला. "काका, झाड म्हणजे झाडगाव का? जिल्हा कुठला?"

"झाड म्हणजे झाड, पत्रकराव. आपण सगळे तिथूनच खाली उतरलो ना? बिल्कुल बरोबर लिहिलंय मी."

मी यादीत 'झाड (जि. माहीत नाही)' असं टाइप केलं आणि ते तसंच छापून आलं.

पत्रकराव हे नाव त्यांनीच मला ठेवलं. माझ्या वडिलांचा तालुक्याच्या गावी छापखाना होता. संप, मोर्चे, निषेधसभा, सगळ्यांची पत्रकं तिथे छापली जात. मी वाचायला शिकलो ते त्या पत्रकांवर, त्यामुळे शेवटी उद्गारचिन्ह नसलं की मला वाक्य अर्धवट वाटायचं. दिल्लीला आलो स्पर्धा परीक्षेसाठी, पण अभ्यास कमी आणि मंडळातली भांडणं जास्त, असा माझा दिनक्रम होता. मेट्रो नुकतीच जमिनीखालून धावायला लागली होती, गुडगावात काचेच्या इमारती उगवत होत्या, आणि या सगळ्याच्या विरोधात काहीतरी लिहायला हवं असं मला रोज सकाळी वाटायचं.

काका एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. राहायला सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. सहा फूट उंची, गोरेपान, भुवया दाट. रिक्षावाले त्यांना 'पापाजी' म्हणून थेट पंजाबीतच सुरुवात करायचे. काकूंना त्याचं काही वाटत नसे. "यांना बरोबर घेतलं की भाजीवाला कोथिंबीर फुकट देतो," एवढाच त्यांचा शेरा.

काकांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "हे झालं अलीकडचं. त्याच्या आधी?"

गणपतीत नोएडाच्या आयटी कंपनीतला एक मुलगा आला. म्हणाला, "आम्ही मूळचे पुण्याचे."

"हे झालं अलीकडचं. त्याच्या आधी?"

"आधी कोकणात होतो म्हणे."

"त्याच्या आधी?"

मुलगा घाबरला. "यार काका, आईला फोन करून सांगतो." प्रसाद न घेताच गेला तो.

काकू म्हणायच्या, "दूध नासलं म्हटलं तरी विचारतात, त्याच्या आधी काय होतं? मी म्हटलं, गवत!"

पण काकांचा खरा मुलूख म्हणजे कोपर्निकस मार्ग. तिथल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात महाराष्ट्रातून कसल्या कसल्या समित्यांच्या कामाला आलेले प्राध्यापक उतरत. काउंटरवरचा माणूस काकांना फोन करायचा, "साहब, एक प्रोफेसर आए हैं, चश्मेवाले." की निघाले काका, काकूंच्या थालीपिठांचा डबा घेऊन. चार दिवस पनीर खाऊन कंटाळलेला विद्वान थालीपीठ बघून इतका विरघळतो, की माणसाची उत्पत्ती हा विषयसुद्धा त्याला जड वाटत नाही. मीही जायचो. मनुष्यस्वभाव हा विषय विद्वानांच्या हाती मोकळा सोडू नये, असं माझं मत होतं.

एकजण म्हणाले, माणूस मुळात भांडखोर, हाडांवरच्या जखमा बघा. महिन्याने आलेले दुसरे म्हणाले, माणूस मुळात सांभाळणारा, त्याच हाडांवरच्या भरलेल्या जखमा बघा, कोणीतरी त्याला बसवून खाऊ घातल्याशिवाय त्या भरल्या का? तिसरे भाषावाले होते. ते म्हणाले, हाडं सोडा, माणूस बोलला तेव्हा माणूस झाला. मी प्रत्येक वेळी आत जाताना ठाम असायचो आणि बाहेर पडताना गोंधळलेला. काका वहीत सगळं उतरवायचे आणि खाली लिहायचे, 'हेही बरोबर दिसते.'

"काका, सगळे बरोबर कसे असतील? एक बाजू घ्यावीच लागते!"

"अच्छा? तुमची घेऊन झाली की मला सांगा."

एक जनुकशास्त्रज्ञ आले होते. ते उत्साहाने म्हणाले, "साठ्ये, गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून द्या. तुमचे पूर्वज कुठल्या वाटेने आले ते सांगतो." मला वाटलं, काका आनंदाने नाचतील. काकांनी तोंड घट्ट मिटलं. मग नाकातून म्हणाले, "आज मला सर्दी आहे." बाहेर आल्यावर सर्दी नव्हती.

आणखी एक गोष्ट होती. गप्पा संपत आल्या की काका मला म्हणायचे, "पत्रकराव, जरा खाली जाऊन ऑटो बघा." शेवटचा एक प्रश्न ते माझ्या माघारी विचारत. तो कुठला, ते मला कधी कळलं नाही.

त्या वर्षी आमच्या मराठी गृहनिर्माण संस्थेला यमुनेपलीकडे जमीन मिळाली. आजूबाजूला मोहरीची शेतं, पण मॉलचा बोर्ड आधीच लागलेला. लगेच प्रॉपर्टी डीलर घुसले. बनावट नावांनी अर्ज येऊ लागले. एकात लिहिलं होतं, 'मूळ गाव : कोल्हापूर, जिल्हा पुणे.' माझं रक्त उसळलं. मी पत्रक काढलं : 'ज्याला आपलं मूळ सांगता येत नाही, त्याला आपल्या दारात जागा नाही!' लोकांना ते इतकं आवडलं की नियमच झाला. प्रत्येक अर्जदाराने मूळ गावाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, नाहीतर फ्लॅट नाही.

काका दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते. क्वार्टर सोडावं लागणार होतं, दुसरं घर नव्हतं. सगळ्यांची प्रतिज्ञापत्रं आली. काकांचं आलं नाही.

मी कोरा कागद घेऊन अतिथिगृहावर गेलो. माकडांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई उतरल्या होत्या आणि काका त्यांच्यासमोर वही उघडून बसले होते. शेवटी नेहमीसारखं मला ऑटोला पिटाळलं. खाली एकही ऑटो नव्हती. मी परत वर आलो आणि दाराशी थबकलो.

काका अगदी हळू विचारत होते, "बाई, आई विसरते का हो?"

बाई म्हणाल्या, "माणसांचं मी सांगू शकत नाही. माकडीण मेलेलं पिल्लूसुद्धा कितीतरी दिवस टाकत नाही. उराशी धरून हिंडते."

"आणि जिवंत पिल्लू ठेवून गेली, आलीच नाही, तर?"

"तर मी म्हणेन, तिचंच काहीतरी झालं असणार. पण मी माकडांबद्दल बोलतेय हं."

"बिल्कुल, बिल्कुल," काका म्हणाले. वहीत त्यांनी काहीच लिहिलं नाही.

बाहेर फुटपाथवर मी कागद पुढे केला. "काका, रविवारी शेवटची तारीख आहे. वडिलांचं गाव लिहा आणि मोकळे व्हा!"

काका कठड्यावर बसले. "फाळणीच्या वेळी आमचे वडील पानिपतला निर्वासितांच्या छावणीत कारकून होते. आई नळावर पाणी भरत होती. एका बाईने तिच्या हातात तान्हं मूल दिलं. म्हणाली, जरा पकडना बहनजी, अभी आती हूँ. ते मूल म्हणजे मी."

मी पुढे केलेला कागद घडी करून खिशात ठेवला.

"आई तीन दिवस मला घेऊन त्या नळापाशी उभी राहिली. ती बाई यावी म्हणून. चौथ्या दिवशीही उभी राहिली, पण देवाला म्हणाली, आता ती यायला नको. हे आईनेच मला सांगितलं, रडत रडत. आता सांगा, पत्रकराव. मनुष्यस्वभाव कुठला? तीन दिवसांचा की चौथ्या दिवसाचा?"

माझ्याकडे एकही उद्गारचिन्ह नव्हतं.

"वडिलांचं गाव लिहिलं तर ती बाई खोटी पडते. दुसरं काही लिहिलं तर आई खोटी पडते. म्हणून मी आधीचं लिहितो. इतकं आधीचं, की त्यात दोघी मावतील." ते उठले. "तुमच्या काकूला ठाऊक नाही हे. कोणाला सांगायचं नाही. शपथ घ्या."

मी घेतली.

रविवारी सभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो, मूळ गावाचा नियम रद्द करावा. अध्यक्ष निवृत्त कर्नल होते. त्यांनी चष्मा लावून माझंच पत्रक मोठ्याने वाचून दाखवलं. "हे तुम्हीच लिहिलंत ना? मग आता काय झालं? कारण सांगा."

कारण मला सांगता येत नव्हतं. जन्मात पहिल्यांदा मी कारणाशिवाय उभा होतो. काहीतरी पुटपुटलो.

"डीलरने चहा पाजलेला दिसतोय!" मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. मी तसाच उभा राहिलो. काका खाली मान घालून बसले होते.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने काकू उठल्या. "अहो कर्नलसाहेब, मी मूळची वाईची. माझ्या भावाला विचारा, ग्रामदेवतेला विचारा. अर्ज माझ्या नावावर घ्या."

"पण वहिनी, अर्ज कुटुंबप्रमुखाने..."

"मीच आहे कुटुंबप्रमुख. विचारा यांना."

काका म्हणाले, "बिल्कुल."

सभागृह पुन्हा हसलं, पण हे हसू वेगळं होतं. कर्नलसाहेबांनी नियमांची पुस्तिका दोनदा चाळली. बायकांनी अर्ज करू नये असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. स्त्री-पुरुष समानतेवर माझी स्वतःची दोन पत्रकं होती, आणि ही साधी गोष्ट मला आठवडाभर सुचली नव्हती.

चहाच्या वेळी काका कर्नलना 'त्याच्या आधी?' विचारत होते. काकू माझ्याशेजारी बसून अर्ज भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुला शपथ घातली ना यांनी?"

मी चहाचा कप तोंडाला लावला.

"असू दे. सासूबाईंनी मला लग्नाच्या तिसऱ्याच महिन्यात सांगितलं होतं. मला ठाऊक आहे हे यांना कळू देऊ नकोस हो. एवढं एक गुपित जपतात बिचारे."

"काकू, मग इतकी वर्षं..."

"दर थंडीत म्हणतात, चल, पानिपतला रजई घेऊन येऊ. घरात माणसं दोन, रजया झाल्या अकरा! मला दुकानात बसवतात आणि म्हणतात, मी जरा पाय मोकळे करून येतो. काचेतून दिसतात मला. छावणी होती तिथे आता बाजार आहे. तिथे उभे असतात. एखादी अगदी म्हातारी बाई दिसली की दोन पावलं पुढे जातात, मग थांबतात."

"आणि तुम्ही काय करता?"

काकूंनी सही केली, खाली ठळक अक्षरांत आपलं नाव लिहिलं आणि कागद माझ्याकडे दिला.

"मी काय करणार? दुकानदाराशी घासाघीस करत बसते. तो मेला लवकर कबूल होतो. मग मी म्हणते, रंग आवडला नाही, दुसरी दाखवा."