'प्रतिनायक' या शब्दावरून आगटे सर शरण आले त्याची हकीकत

श्री. विद्येच्या देवतेस आणि परीक्षेच्या दाराशी घाम पुसत उभ्या असणाऱ्या समस्त जीवांस दंडवत करोन लिहिण्यात येते ऐसे जे, शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरे, फाल्गुन शुद्ध पंचमी, भौमवासरे, एका कॉलेजाच्या राज्यात, ज्याचे नाव सांगून कोणाची अब्रू घालवणे नाही, इंग्रजी साहित्याचा सुभा होता आणि त्यावर त्र्यंबकराव आगटे सर तीस वर्षे अंमल करीत होते. देह किरकोळ, परंतु दरारा ऐसा की त्यांनी फळ्यावर लिहिलेले पुसण्यास शिपायाने परवानगी मागावी. मन मात्र लोण्याचे. कोणी पोर उपाशी पेपरास बसले ऐसे कानी आले तर सर स्वतःचा डबा त्याच्यापुढे सरकवीत आणि वरून त्यालाच रागे भरत. खोड एकच होती. 'चुकलो' हा शब्द त्यांच्या तोंडून राज्यात कोणी ऐकला नव्हता, घरी बाईसाहेबांनीही नाही.

सरांनी ऐन उमेदीत नोट्स रचिल्या होत्या आणि त्यांच्या झेरॉक्सवरून झेरॉक्स निघोन अक्षरे पुसट जाहली तरी राज्यात त्यांचाच हुकूम चाले. त्यांत शोकनायक आणि प्रतिनायक यांची तुलना होती. शोकनायक म्हणजे थोर मनुष्य, एका अवगुणापायी आपल्या हाताने बुडतो, हे यथास्थित होते. परंतु 'अँटी' म्हणजे विरुद्ध, सबब अँटी-हीरो म्हणजे नायकाविरुद्ध उभा ठाकलेला वैरी, ऐसे सरांनी ठोकून दिले आणि त्यास मराठीत 'प्रतिनायक' ऐसा भारदस्त शब्द योजिला. मग तीस वर्षे पोरांनी तेच लिहिले आणि तपासणारेही याच नोट्सवर वाढलेले असल्याने तेच बरोबर ठरले. यंदा मात्र हुकूम सुटला की उत्तरपत्रिका परमुलखी तपासावयास जातील.

पेपराच्या मोहिमेच्या आदले दिवशी दुपारी शेवंताबाई गावंडे सरांकडे आल्या. बाई अंगणवाडी चालवीत, वय चव्वेचाळीस, इंग्रजीच्या पेपरात दोन वेळा पडलेल्या. पदवी हाती आली तर मुख्यसेविका व्हायच्या होत्या आणि वयाची अट पुढील साली आड येत होती, म्हणोन ही अखेरची चढाई. बाई म्हणाल्या, "सर, एक शंका हाय. रागावू नका. माझा भाऊ सदा. पत्ते खेळतो, खोटं बोलतो, कामाला बोलावलं की ह्याच्या पोटात दुखतं. पण आई अंथरुणाला खिळली तवा दोन वर्सं तिचं सगळं त्यानंच केलं. त्यो काय मोठा नायक न्हाई, आन् कुणाचा वैरी तर अजाबात न्हाई. मग गोष्ट त्याचीच लिहायची म्हटली तर असल्या मानसाला विंग्रजीत काय म्हंत्यात?"

सर हसावयास गेले आणि हसू अर्ध्यातच राहिले. उठले, कपाटातील जाड कोश काढिला, धूळ झटकली, पान उघडले आणि वाचोन मटकन खुर्चीत बसले. बाईंचा सदाच तिथे छापिला होता. गोष्ट त्याची, पण थोरवी नाही, ऐसा तो अँटी-हीरो, वैरी नव्हेच. बाईंना म्हणाले, "उद्या जरा लवकर या," आणि दार लावून घेतले. मग सरांच्या मनात दोन तट पडले. एक म्हणे, तीस वर्षांचे शिष्य आज कोठे कोठे मास्तर झाले, ते हसतील, गप्प बसावे. दुसरा काहीच न म्हणता शेवंताबाईंचा चेहरा पुढे करी, आणि सरांस जेवण गेले नाही.

दुसरे दिवशी सकाळी बेचाळीस जणांची फौज फाटकापाशी जमली आणि सर समोर आले आणि घसा खाकरोन बोलिले, "अँटी-हीरो म्हणजे वैरी नव्हे. गोष्ट त्याचीच असते, फक्त तो थोर नसतो. तुम्हांला आजवर उलटं शिकवलं. मी चुकलो." मोहिते नावाचा वीर रडकुंडीस येऊन म्हणाला, "सर, आता? दोन दिवस घोकलंय हो!" सर म्हणाले, "विसर, बाळा. माझ्यासाठी विसर." आणि घंटा जाहली.

पेपरात नेमका तोच तुलनेचा प्रश्न सोळा गुणांस पडला. तीन तासांनी शेवंताबाई बाहेर आल्या, बोटे शाईने माखलेली. सरांनी धीर धरोन विचारले, "काय लिहिलंत?"

"प्रतिनायक म्हनून सदाला घेतलं," बाई म्हणाल्या, "आन् शोकनायक म्हनून, रागावू नका, तुमास्नी घेतलं. मोठा मानूस, सगळ्यांवर जीव, खोड एकच, चुकलो म्हनत न्हाई. झ्याक चाललं हुतं. पर शेवटाला अडले बगा. त्यो बुडाया पायजे, आन् तुमी तर सकाळी फाटकापाशी बोलून मोकळं झाला. मग लिवलं, हा मानूस शोकनायक व्हता व्हता राहिला."

सर चष्मा काढोन पुसत राहिले, आणि तो मुळीच मळलेला नव्हता.

सारांश, परमुलखीच्या परीक्षकाने सोळांपैकी तेरा गुण दिले आणि बाई पास जाहल्या. मोहिते पडला, परंतु तो स्वपराक्रमे, त्यात सरांचा दोष नाही. पुढे आषाढात मुख्यसेविका शेवंताबाई पेढे घेऊन वर्गाच्या दाराशी आल्या, तेव्हा प्राचार्य आले तरी बसून राहणारे आगटे सर खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "या बाई, इथं बसा." घडले तितके लिहिले, अधिकउणे वाचकांनी पोटात घालावे.