गल्लीपेक्षा मोठी

नरहररावांच्या फाटकाची रुंदी होती दोन मीटर आणि नव्या गाडीची एक मीटर त्र्याण्णव. कागदावर गाडी सात सेंटिमीटर राखून आत जात होती. कागदावर आरसे धरलेले नव्हते. धावता डबा आणि फलाट यांच्यात किती फट राहते हे तपासण्यात ज्या माणसाची मानक नगरला रेल्वेत एकतीस वर्षं गेली, त्याची गाडी स्वतःच्याच फाटकात दोन्ही कान खांबांना टेकवून उभी राहिली.

शेवटी ती रस्त्यावरच ठेवावी लागली. गाडी होती डोंगरात, चिखलात, नदीनाल्यात जायची. नदीत उतरल्यावर श्वास घ्यायला तिला टपापर्यंत नळकांडं होतं. आत चढायला एक पायरी होती आणि त्या पायरीवर चढायला नरहरराव घरातून पाट घेऊन येत. शेजारच्या राघव तिवारींच्या अंगणातलं थंडीतलं ऊन गाडीने अडवलं. त्यावरून वाजायला हवं होतं, पण तिवारीजी दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्र घेऊन गाडीतच येऊन बसू लागले. ऊन आता इथे येतं, एवढंच म्हणाले.

चिडली ती चेतना. ही नरहररावांची एकुलती मुलगी. शहराच्या दुसऱ्या टोकाला, चिनहटला सहाव्या मजल्यावर राहायची आणि चिकनकारीचे कुर्ते पुण्या-नागपूरला पाठवायचा धंदा करायची. बाबांनी ही गाडी का घेतली, हे तिला कळेना. नरहररावांनी सांगितलंही नाही. दोन वर्षांपूर्वी डोंगरात, मुन्सियारीच्या कच्च्या रस्त्यावर त्यांची छोटी गाडी पोटावर घासून अडकली होती. तेव्हा त्यांची बायको विनीता रस्त्याकडेच्या दगडावर बसून चहा पीत म्हणाली होती की पुढच्या वेळी उंच गाडी आणू. मग ती आजारी पडली आणि गेली. नरहररावांना उंच गाडीतून त्या दगडाच्या पुढे जायचं होतं. चेतनाला त्यांनी मायलेज सांगितलं, आणि तेही खोटं.

"एक महिना, बाबा," चेतना म्हणाली. "एक पण खरोंच नको. आणि ही गाडी कुणाच्या तरी कामाला आलेली मला दिसली पाहिजे. नाहीतर गाडी विकायची, घर भाड्याने द्यायचं आणि माझ्याकडे यायचं."

"सहाव्या मजल्यावर?"

"लिफ्ट आहे ना, यार."

तेविसाव्या दिवशी सकाळी चेतनाचा टेम्पोवाला आला नाही. चौकच्या जुन्या बाजारात, मधुमती रस्तोगींच्या दुकानात कुर्त्यांची तीन गाठोडी तयार होती आणि ती दुपारच्या आत चिनहटच्या कूरियरला पोचायला हवी होती. नरहररावांनी लगेच फोनवर स्वतःचं नाव पुढे केलं. चेतनाने चार वेळा बजावलं, की गाडी मोठ्या रस्त्यावर लावा, गल्लीत रिक्षाने जा. नरहररावांनी चारही वेळा हो म्हटलं. तिवारीजी बरोबर निघाले, कारण थंडीच्या दिवसांत चौकात सकाळी दुधाच्या फेसाची मक्खन-मलाई मिळते आणि त्यांना घरी कुणी ती खाऊ देत नसे.

मोठ्या रस्त्यावर जागा नव्हती. नरहररावांनी उतरून गल्लीचं तोंड पावलांनी मोजलं. गाडी बसत होती. आरसे मिटले की आणखी बसत होती. अर्धी गल्ली गाडी अशी देखणी गेली, की तिवारीजींनी खिडकीतून एकदोघांना सलामही केला. पुढे मात्र एका दुकानाचा दगडी ओटा बाहेर आला होता आणि समोरच्या भिंतीवरून पाण्याचा पाइप. गाडीचा पुढचा भाग त्यातून गेला आणि मधला अडला. मागे घेण्यावाचून उपाय नव्हता.

मागे बघावं तर धुकं. पाठचा कॅमेरा नुसतं दूध दाखवत होता. नरहररावांनी काच खाली केली, कान लावला आणि गाडी मागे घेऊ लागले. तेवढ्यात मागून आवाज आला.

"ये... ये... ये..."

नरहररावांचा पाय ब्रेकवरून निघाला तो इथेच. एरवी त्यांना अहो-जाहो करणारी विनीता गाडी मागे घेताना मात्र पाठीमागे उभी राहून "ये, ये, ये" म्हणायची. मी गाडीला बोलावते, तुम्हाला नाही, असं तिचं म्हणणं. तीस वर्षं ते त्या आवाजावर डोळे मिटून मागे आले होते. आताही आले. पाठीमागचा माणूस मराठी नव्हता, तो मक्खन-मलाईवाला होता, आणि "ये, ये" म्हणून तो आपली परात दाखवत होता, हे त्यांना कळलं तेव्हा गाडीच्या पाठीवरचं जादा चाक केशरी फेसात निम्म्याने बुडालं होतं. फेसच तो. आवाजसुद्धा झाला नाही.

"अब तो रुक जाइए, हुज़ूर," मलाईवाला म्हणाला.

नरहरराव दचकले आणि गाडी पुढे घेतली, तीही स्टिअरिंग वळवून. गाडी ओटा आणि पाइप यांच्यामध्ये तिरकी बसली. टपावरच्या कॅरिअरला मधुमतीबाईंच्या दुकानाबाहेरची दोरी अडकली आणि दोरीवरचे नमुन्याचे सगळे कुर्ते एकामागून एक काचेवर येऊन पडले. शेवटचा फिका गुलाबी होता. त्यानंतर काहीच दिसेनासं झालं.

मधुमतीबाई ओट्यावर आल्या, बघितलं आणि शांतपणे चेतनाला फोन लावला. "बेटा, तुम्हारे पापा पहुँच गए हैं. पूरी दुकान ओढ़ के बैठे हैं."

चिनहटहून यायला चेतनाला तासभर लागला. तेवढ्यात गल्ली तुंबली. मागे ई-रिक्षा, पुढे हातगाड्या, आणि बाजूने सरकायला मांजरापुरतीही जागा नाही. एका म्हाताऱ्या बाईंना औषध आणायला पलीकडे जायचं होतं. त्या इतक्या कळवळून बोलल्या, की तिवारीजींना मार्ग सुचला. गाडीचा मागचा दरवाजा उघडत होता. पुढचे दोन्हीही उघडत होते, कारण ते अडचणीच्या पलीकडे होते. मधल्या सीट पाडल्या. नरहररावांचा पाट मागे लावला. म्हातारीबाई मागून चढल्या, रांगत पुढे आल्या आणि डाव्या दरवाजाने पलीकडे उतरल्या. गाडी बड़े आराम की है, असं जाताना म्हणाल्या.

मग रांगच लागली. तिवारीजी दाराशी उभे राहून सगळ्यांना चपला हातात घ्यायला लावत होते. रांगेत खोळंबलेली माणसं मलाईवाल्याकडे वळली. त्याची दुसरी परात तिथेच उभ्या उभ्या संपली. चाकातली मलाई कुणी खाल्ली हे कुणीच कबूल केलं नाही, पण चाक थोड्या वेळाने स्वच्छ होतं. नरहरराव उजव्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते आणि जाणारा प्रत्येक जण त्यांना नमस्कार करत होता. त्यांना सहावा मजला दिसत होता. लिफ्टसकट.

चेतना आली तेव्हा रांगेत तिच्यापुढे अकरा माणसं होती. तिवारीजींनी तिलाही चपला काढायला लावल्या. ती रांगत पुढे आली आणि बाबांच्या शेजारी बसली. काचेवर अजून कुर्ते होते, त्यामुळे आत गुलाबी उजेड होता.

"बाबा, रिक्षाने जायचं ठरलं होतं."

"हो."

"मग मागे कशी घेतलीत? दिसत नव्हतं ना?"

नरहररावांनी स्टिअरिंगवरचा हात काढला. मग म्हणाले, "तो ये, ये म्हणाला. मला वाटलं..."

लहानपणापासून मागच्या सीटवर बसून चेतनानेही आईचा तो आवाज ऐकला होता. नाक पुसत ती म्हणाली, "उतरा. मी बसते."

नरहरराव उतरले. बाहेर उभं राहिल्यावर मात्र त्यांचं डोकं पहिल्यासारखं चालू लागलं. डावीकडे चार बोटं, उजवीकडे अडीच. रेल्वेत त्यांनी हेच तर केलं होतं. तेव्हाही ते कधी इंजिनात बसले नव्हते. फटी बघायला बाहेर उभे राहायचे. ते 'ये' न म्हणता हिंदीत, एकेक शब्द सुटा करून सांगत गेले, आणि चेतना बोटभर पुढे, बोटभर मागे करत गाडी सरळ करत गेली. सातव्या खेपेला गाडी ओट्याला न लागता सुटली. मधुमतीबाईंनी कुर्ते उतरवून घेतले आणि तीन गाठोडी गाडीत मागे ठेवून दिली. गल्लीने टाळ्या वाजवल्या. त्या चेतनासाठी होत्या.

मोठ्या रस्त्यावर आल्यावर चेतनाने उतरून गाडीभोवती फेरी मारली. दोन्ही बाजू, चारही चाकं. नरहरराव तिच्या मागून हात बांधून चालत होते.

"खरोंच नाहीये," ती म्हणाली, आणि तिला त्याचं वाईट वाटल्यासारखं दिसलं.

"और काम भी आई," तिवारीजींनी पाठीमागून आठवण करून दिली. "कम से कम सत्तर लोगों के."

चेतनाने किल्ली परत दिली नाही. तिवारीजींना मागे गाठोड्यांवर बसवलं आणि स्वतः पुन्हा चालवायला बसली. बसच्या खिडक्यांतली माणसं आता तिच्या डोळ्यांच्या उंचीवर होती, आणि तिच्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला होता. गोमतीचा पूल ओलांडल्यावर तिने सहज विचारलं, की ही गाडी खरं कशासाठी घेतली. नरहररावांनी दगडाचं सांगितलं. मायलेजचंही खरं सांगून टाकलं.

पुढच्या सिग्नलला चेतनाने गाडी थांबवली.

"मे महिन्यात जाऊ," ती म्हणाली. "गाडी राहू दे. पण ड्रायव्हर मी. तुम्ही बाहेर उभं राहून सांगायचं."

"सगळ्या रस्त्याला बाहेर?"

"बाबा."

नरहरराव या गाडीत डावीकडे पहिल्यांदाच बसले होते. तिथून रस्ता निराळाच दिसत होता आणि प्रत्येक ट्रक अंगावर येत होता. चेतनाने एका बसला मागे टाकलं. तेव्हा त्यांचा उजवा पाय जोरात खाली गेला आणि तिथेच रुतून बसला.

चेतना समोर बघत म्हणाली, "तिकडे ब्रेक नाहीये."

"माहीत आहे," नरहरराव म्हणाले, आणि पाय चिनहटपर्यंत तसाच दाबून धरला.