सग्डन यांची घूंघूं

इंग्लंडमधल्या हडर्सफील्डमध्ये व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर बनवावा तर विल्फ सग्डननेच, असं एक ठाम मत होतं. मत खुद्द विल्फचंच होतं, पण ठाम होतं.

कापडगिरणीच्या रंगखात्यातून निवृत्त झालेली माणसं तिकडे कबुतरं पाळतात, नाहीतर भाजी लावतात. विल्फने भाजी लावलीच, पण तीन वर्षं खपून अॅम्प्लिफायरही बनवला. एका स्पीकरला एकच मोठा व्हॉल्व्ह, दिव्यासारखी काचेची नळी. सगळं गाणं तो एकटा अंगावर घेणार, आणि त्या भरात असा तापणार की हिल्डा, म्हणजे विल्फची बायको, नवऱ्याची पाठ वळली की त्यावर मोजे वाळवून घ्यायची. विजेचा जाडजूड ट्रान्सफॉर्मर विल्फने बरोबर मधोमध, नाकासमोर सरळ बसवला होता. भांग पाडावा तसा.

नॉरिस ओल्डरॉइड त्याच गिरणीत वायरमन होता. त्याने आल्या आल्या सांगितलं होतं, "विल्फ, हा ट्रान्सफॉर्मर काटकोनात फिरव. याचं चुंबकीय क्षेत्र सरळ शेजारच्या भागांच्या अंगावर जातंय. स्पीकरमधून घूंघूं येणार."

"कसली घूंघूं?" विल्फ म्हणाला. "आणि फिरवला तर तिरपा दिसेल त्याचं काय?"

तेव्हापासून घूंघूं हा विषय त्या घरात बंद झाला. येत होती, हे विल्फला पक्कं ठाऊक होतं. पण कबूल कोण करणार? तीन वर्षं त्याने कबूल केलं नाही.

नॉरिसचा स्वतःचा अॅम्प्लिफायर ट्रान्झिस्टरचा, डब्यासारखा चपटा आणि गार. त्यात जे आत गेलं आणि जे बाहेर आलं त्यांची सतत तुलना व्हायची आणि फरक सापडला की तिथल्या तिथे दुरुस्ती. विल्फला ही रचनाच मान्य नव्हती. गाणाऱ्याला पावलोपावली त्याच्या चुका दाखवत बसलं तर तो गाणार कसा, असं तो म्हणायचा. हिल्डाचं म्हणणं असं की छत्तीस वर्षांच्या संसारात ज्याने स्वतःची एक चूक ऐकून घेतली नाही, तो यंत्राला कशाला ऐकायला लावेल!

हिल्डाचं खरं दुखणं वेगळं होतं. अॅम्प्लिफायर पुढच्या खोलीत होता. पुढच्या खोलीत माणसं दोनदाच बसतात, पाद्री आल्यावर आणि कुणी गेल्यावर. तिथलं तिचं चिनी मातीच्या भांड्यांचं कपाट आता जिन्यात उभं होतं आणि पाद्रीबुवा आले की त्यांना स्वयंपाकघरात बसवावं लागत होतं. शेवटी एकदा चहाच्या वेळी विल्फ बोलून गेला की डोळे बांधूनसुद्धा आपण आपला अॅम्प्लिफायर ओळखू.

"बांध मग," हिल्डा म्हणाली. "ओळखलास तर राहू दे पुढच्या खोलीत, मी जन्मात बोलणार नाही. नाही ओळखलास तर मळ्यावरच्या शेडमध्ये जाईल. टोमॅटो ऐकतील."

विल्फ छाती काढून हो म्हणाला. नॉरिसचा अॅम्प्लिफायर उसना मागून आणला, चहाच्या किटलीची लोकरी टोपी डोळ्यांवर ओढली आणि एकट्यानेच सराव करून पाहिला. ब्रासबँडची रेकॉर्ड लावली, डोळे मिटून, या अॅम्प्लिफायरवरून त्यावर नेणारं बटण दहा वेळा इकडेतिकडे फिरवलं.

फरक कळेना.

बटण पुन्हा फिरवलं. कॉर्नेटचा सूर इथेही गोड, तिथेही गोड. टोपीखाली त्याला घाम फुटला. तीन वर्षांची मेहनत, आणि टोमॅटो! तेवढ्यात रेकॉर्ड संपली, सुई उचलली गेली आणि त्या शांततेत डाव्या स्पीकरमधून बारीकशी ऐकू आली ती घूंघूं. बटण फिरवलं, थांबली. परत फिरवलं, आली. तीन वर्षं नाकारलेली ती घूंघूं त्याला त्या क्षणी देवासारखी भेटली.

चाचणी रविवारी दुपारी ठरली. शनिवारी विल्फ मळ्यावर गेला आणि संध्याकाळी परतला तेव्हा हिल्डाने दोन्ही अॅम्प्लिफायर टेबलावर शेजारी शेजारी मांडून वरून पलंगपोस सोडला होता. आता उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही, असं तिने बजावलं. विल्फला ते पटलं. लबाडी त्यालाही आवडत नसे, म्हणजे दुसऱ्याची.

पंच म्हणून आर्मिटेज बाई आल्या. चाळीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलेल्या, आणि गावच्या अॅम्प्लिफायरवेड्यांच्या हाय-फाय मंडळाचं नोंदपुस्तक त्यांच्याच ताब्यात. पलंगपोसामागे बसून त्या नाणं उडवणार होत्या, छापा की काटा ते पाहून बटण फिरवणार होत्या. नॉरिसने आधी दोन्हींचा आवाज मीटर लावून अगदी सारखा केला, कारण जरा मोठं वाजलं की कुणालाही तेच चांगलं वाटतं. हिल्डाने पार्किनचे, म्हणजे आल्याच्या केकचे, काळे, चिकट तुकडे कापून ठेवले. विल्फने डाव्या स्पीकरच्या इतकी जवळ खुर्ची ओढली की नॉरिसने त्याला विचारलं, हजामत करून घ्यायचीय का.

पहिली फेरी. बँड सुरू व्हायच्या आधीच विल्फच्या कानाने घूंघूं टिपली.

"माझा," तो म्हणाला. मग ऐकल्यासारखं दिसावं म्हणून मान डोलवली. "ही ऊब बघा. वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येतोय."

दुसऱ्या फेरीत शांतता. "नॉरिसचा. स्वच्छ आहे, नाही म्हणत नाही. पण इस्पितळासारखा स्वच्छ."

दहा फेऱ्या तो असा रंगत गेला. सहाव्या फेरीला त्याने डोळे पुसले. आठव्या फेरीत त्याने नॉरिसच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की हरण्यात कमीपणा नसतो. नॉरिस पार्किन खात राहिला.

आर्मिटेज बाई पलंगपोसामागून बाहेर आल्या. चष्मा पुसला. "दहापैकी शून्य," त्या म्हणाल्या.

"शून्य चुका," विल्फने दुरुस्त केलं.

"शून्य बरोबर, मिस्टर सग्डन."

विल्फच्या हातातला पार्किनचा तुकडा गालिच्यावर पडला. हिल्डा जिन्यातल्या कपाटाकडे पाहू लागली. पण बाईंचं संपलं नव्हतं. नुसतं अंदाजाने बोलणारा माणूस साधारण पाच वेळा बरोबर येतो, त्या म्हणाल्या. दहाच्या दहा चुकणारा हजारात एखादाच. म्हणजे मिस्टर सग्डनना फरक स्पष्ट ऐकू येतो, यात शंका नाही.

"अडचण एवढीच की तुमचा म्हणून तुम्ही ज्याच्यासाठी डोळे पुसलेत, तो मिस्टर ओल्डरॉइडांचा आहे."

विल्फपुढे दोनच वाटा होत्या. कान खरे मानावेत, तर नॉरिसचा डबा सरस ठरत होता. नाहीतर खरं सांगावं. त्याने अॅम्प्लिफायरच्या बाजूला पाहिलं, मग टोमॅटोंचा विचार केला, आणि उभा राहिला.

"मी गाणं ऐकतच नव्हतो," तो म्हणाला. "घूंघूं ऐकत होतो. माझ्या अॅम्प्लिफायरला घूंघूं आहे. पहिल्या दिवसापासून आहे."

छत्तीस वर्षांत पहिल्यांदा! हिल्डा मटकन खुर्चीत बसली.

"मला माहीत आहे रे," ती म्हणाली. "आधी मला वाटलं फ्रीज घुमतोय. दोनदा माणूस बोलावून दुरुस्त करून घेतला. मग कळलं. चारचौघांत तुझी शोभा नको म्हणून काल नॉरिसला बोलावलं. त्याने तो ट्रान्सफॉर्मर फिरवला. मला जिंकायचं होतं, पण तसं नाही."

नॉरिस खिडकीबाहेर पाहू लागला. चार स्क्रूचं काम होतं, असं काहीतरी तो पुटपुटला.

"मग माझा गप्प झाला," विल्फ सावकाश म्हणाला, "तर तुझा का घुमत होता?"

त्याने पलंगपोस ओढून काढला. ट्रान्सफॉर्मर काटकोनात फिरला होता, आणि त्याचं तोंड आता थेट शेजारच्या चपट्या डब्याकडे होतं. विल्फने नॉरिसचा अॅम्प्लिफायर उचलून दोन हात लांब ठेवला आणि बटण फिरवलं. चिडीचूप. पुन्हा शेजारी आणला. घूंघूं!

"माझीच!" विल्फ ओरडला. "नॉरिसच्या तोंडून बोलत होती, पण घूंघूं माझीच! दहाच्या दहा वेळा मी माझा माल ओळखला!"

नॉरिसने वाकून पाहिलं आणि कबूल केलं की लेकाचं बरोबर आहे. आर्मिटेज बाईंनी बराच विचार केला, नोंदपुस्तक उघडलं, शून्य खोडलं आणि सुवाच्य अक्षरात नवी नोंद केली. हिल्डानेही शब्द पाळला. कपाट जिन्यातच राहिलं.

फक्त त्या नोंदीची एक प्रत तिने चौकटीत बसवून अॅम्प्लिफायरच्या वर टांगली. आता पाद्रीबुवांना ती मुद्दाम पुढच्या खोलीत बसवते, आणि चहा येईपर्यंत दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे ते ती नोंद मोठ्याने वाचतात: "श्री. सग्डन यांची घूंघूं. दहापैकी दहा वेळा सिद्ध."

विल्फ दर वेळी ताठ बसून ऐकतो. मग सांगतो की घूंघूं आता येत नाही.