बाक कुठल्या काठाला?

रविवारी सकाळी हातात कॉफीचा कप घेऊन ओताकार आपल्या पुलाकडे कौतुकाने बघत होता आणि बघता बघता त्याने कप खाली ठेवला. पूल झकास झाला होता. पण पुलाजवळचा बाक चुकीच्या काठावर होता.

लेस्कोवा गावच्या स्टेशनाकडून नदी ओलांडून गिरणीकडे जाणारा तीन कमानींचा दगडी रेल्वेपूल ओताकारने सगळा हिवाळा खर्चून स्वयंपाकघरातल्या टेबलावर उभा केला होता. प्लास्टरवर सुईने एकेक दगड कोरला, त्यावर पातळ काळा रंग फिरवून इंजिनांची काजळी चढवली, नदीसाठी राळ ओतली. काठावरच्या पाचोळ्यासाठी घरातली चहापत्ती वापरली, आणि दोन आठवडे बायकोला बिनचहाचं ठेवलं. शेवटी पुलाच्या पायथ्याशी नखाएवढा लाकडी बाक चिकटवला. गावातला खरा बाक स्टेशनच्या काठाला आहे. हा मात्र गिरणीच्या काठाला ऐटीत बसला होता.

"लिदा! या पुलाला कुणी हात लावला होता का?"

"मी लावला. गुरुवारी," बायको ओव्हनमधलं बदक उलटवत म्हणाली. "मुरंबा भरलेले कोलाच पाव करायचे तर पीठ कुठे लाटू, तुमच्या डोक्यावर? पुलाची फळी अर्धी फिरवली आणि भिंतीला सरकवली. का हो?"

का हो ते ओताकारच्या आता लक्षात आलं. डावा काठ स्टेशनचा, एवढं त्याला झोपेतही पाठ होतं. गुरुवारी संध्याकाळी त्याने डोळ्याला भिंग लावलं आणि डाव्या काठावर बाक चिकटवून टाकला. भिंगातून त्याला गवताची पाती दिसत होती, आपण पूल कुठल्या बाजूने बघतोय ते दिसत नव्हतं.

"मग काढा आणि तिकडे लावा."

"काढा म्हणे! गोंद कसला आहे माहितीये? बाक ओढला तर काठ उपटून येईल, नदीसकट."

"मग राहू द्या. एवढासा बाक, बघतंय कोण?"

"बोहदान बघतोय. आज तीन वाजता."

यावर लिदानेही हातातला चमचा खाली ठेवला.

लेस्कोवाच्या छोट्या रेल्वेच्या मंडळात प्रत्येक सभासद गावाचा एकेक तुकडा बांधतो. जत्रेच्या दिवशी ते तुकडे अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये एकमेकांना जोडतात आणि त्यावरून गाड्या धावतात. नियम एकच, गावात जे जिथे आहे ते तिथेच हवं. तपासनीस दरवर्षी बदलतो. गेल्या वर्षी तो मान ओताकारकडे होता, आणि त्याने तो पुरेपूर वसूल केला. बोहदानने गावचा चौक बांधला होता. चर्च, लिंडनची झाडं, उपाहारगृहाबाहेरचं मांजरसुद्धा. पण चौकातल्या हापशाचा दांडा डावीकडे होता. खरा उजवीकडे आहे. "नियम म्हणजे नियम," असं सर्वांसमोर म्हणून ओताकारने तो चौक नापास केला. जत्रेत चौक खोक्यात पडून राहिला आणि त्याच्या जागी नुसतं गवत जोडावं लागलं. यंदा तपासनीस बोहदान.

"करावं तसं भरावं," लिदा म्हणाली.

"अगं, पण पूल नापास झाला तर गाड्या नदी कशा ओलांडतील? सगळी जत्रा अर्ध्या वाटेवर अडेल. आणि मी तिथे उभा राहून काय सांगू, बायको पीठ लाटत होती?"

"खरं तेच सांगा."

पण खरं सांगण्याइतकी वाईट वेळ अजून आली नाही, असं ओताकारला वाटत होतं. तेवढ्यात जेवणासाठी लिदाचा भाऊ यार्मिल दारात हजर झाला आणि त्याला बघून ओताकारच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने यार्मिलला अंगणात ओढलं.

"यार्मिल, खोटा बाक हलत नाही. मग खरा हलवू."

"दाजी, तुम्ही बरे आहात ना?"

"बारा वाजता सगळं गाव बदकावर तुटून पडलेलं असतं. रस्त्यावर कुत्रंही नसतं. ढकलगाडी घे."

"आणि ताईला काय सांगायचं?"

"जेवणाआधी बिअर प्यायला चाललोय."

खऱ्या बाकाचे पाय बिडाचे आणि फळ्या ओकच्या. दोघांनी घाम गाळत तो ढकलगाडीवर चढवला, पुलाच्या कडेच्या पायवाटेवरून पलीकडे नेला आणि गिरणीच्या काठावर, अगदी ओताकारच्या छोट्या पुलाशेजारी होता तिथेच, ठेवून दिला. यार्मिल वाटेत दोनदा म्हणाला, की आपल्या आईने आपल्याला यासाठी जन्म दिला नव्हता. मग बायकोशी खोटं बोलल्याचं पाप नको, म्हणून दोघं गिरणीच्या बिअरखान्यात गेले आणि एकेक ग्लास रिचवून निवांत मनाने घरी परतले.

लिदा टेबलाशी उभी होती. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"बघा," ती म्हणाली.

बाक स्टेशनच्या काठाला होता.

"अगं, हे... हे कसं?"

"नेलपॉलिश काढायचं औषध. थेंब थेंब सोडलं, गोंद सुटला. खड्ड्यावर चहापत्ती टाकली. तुमचं तोंड सकाळपासून बघवत नव्हतं हो मला."

ओताकार खुर्चीत बसला. यार्मिल आधी हसला, मग स्वतःची कंबर आठवून ती चोळायला लागला. आणि ओताकारला बायकोचा राग आला आणि तेवढीच तिच्याबद्दल माया वाटली. शेवटी यार्मिलनेच सगळं सांगितलं.

"म्हणजे मी इकडे ठीक केलं, आणि तुम्ही तिकडे बिघडवलंत?" लिदा म्हणाली. "मग उभे का? जा, परत आणा!"

ते खिडकीपाशी गेले. नदी तिथून दिसते. जेवणं उरकून गाव फिरायला बाहेर पडलं होतं, आणि गिरणीच्या काठावर, बाकाच्या अगदी मधोमध, रोजच्यासारख्या हेदविका आजी विणकाम घेऊन बसल्या होत्या.

"त्या पाचशिवाय उठत नाहीत," यार्मिल म्हणाला.

"मग हा छोटा बाकच परत तिकडे चिकटवतो!" ओताकारने चिमटा उचलला, आणि दारावरची घंटा वाजली.

बोहदान वेळेआधी आला होता. हातात घडीची फूटपट्टी, अंगात कोट. गेल्या वर्षीपासून तो ओताकारशी फक्त हवामानाबद्दल बोलत असे.

"वारा पडलाय," तो म्हणाला आणि पुलावर वाकला. कमानी मोजल्या. दगडांवरून बोट फिरवलं. "काम चांगलं आहे," शेवटी तो तुटकपणे म्हणाला. "बाक स्टेशनच्या काठाला. बरोबर. आता प्रत्यक्ष बघून येतो."

"कशाला उगाच?" ओताकार घाईने म्हणाला. "लहानपणापासून बघताय तुम्ही तो पूल. कोलाच खा की."

"नियम म्हणजे नियम, ओताकारराव," बोहदान म्हणाला, आणि एकटाच निघून गेला.

बदक ताटात आलं, पण एरवी दोन वाट्या कोबी संपवणाऱ्या ओताकारने क्नेडलिकच्या उकडलेल्या गोळ्यांना बोटसुद्धा लावलं नाही. त्याच्या डोळ्यांसमोर हॉल होता, गाड्या होत्या, आणि सगळ्यांसमोर उभा राहून ते तीन शब्द उच्चारणारा बोहदान होता. आपण ते गेल्या वर्षी किती चवीने उच्चारले होते, ते त्याला आता आठवलं आणि तो मनापासून शरमला. बोहदान लवकर परतेना. पुलापर्यंत जाऊन यायला एवढा वेळ कुणाला लागतो?

अखेर फाटक करकरलं. बोहदान लालबुंद झाला होता. कोट काखेत, गुडघ्याला चिखल, एक हात कमरेवर. आणि दुसऱ्या हाताने तो ओताकारची ढकलगाडी ओढत होता.

"बिअरखान्याच्या भिंतीशी उभी होती," तो म्हणाला. "तुमचीच ना?"

ओताकारने यार्मिलकडे बघितलं. यार्मिलने छताकडे बघितलं.

"बोहदान, ऐका, मी सांगतो..."

"सांगायचं काय त्यात?" बोहदानने धापा टाकत कोट चढवला. "बघून आलो. जसंच्या तसं आहे. पूल पास. जत्रेच्या आदल्या दिवशी हॉलवर आणा, आणि सांभाळून आणा." कोलाच मात्र त्याने दोन उचलले आणि पाय ओढत निघून गेला.

फाटक पुन्हा करकरलं.

"जसंच्या तसं?" यार्मिल म्हणाला. "आंधळा झाला की काय?"

ओताकार टोपी घालून निघाला. मागोमाग यार्मिल. पुलाशी येऊन दोघं थांबले. बाक स्टेशनच्या काठाला होता, जन्मापासून तिथेच असल्यासारखा. आणि त्यावर हेदविका आजी बसल्या होत्या. लोकर मांडीवर, डोळ्यांत अंगार.

"आलात? या!" त्या कडाडल्या. "तिकडे पहिल्यांदाच छान ऊन लागत होतं मला. बिअरखान्यात कोण जातो, कोण कसा बाहेर येतो, सगळं दिसत होतं. तर आला तो बोहदान. बाकाकडे बघतोय, गवतातल्या चाकोरीकडे बघतोय, आपला हसतोय. मग गिरणीवाल्याच्या दोन जावयांना हाका मारल्या. म्हणाला, आजी, उठा. म्हटलं, मी नाही उठत."

"मग?"

"मग काय! म्हणाला, बसा तर बसा. आणि तिघांनी मला बाकासकट उचललं, पालखीत घातल्यासारखं, अख्खा पूल ओलांडून! एक टाका नाही सुटला माझा, ते एक बरं."

यार्मिल पोट धरून हसायला लागला. ओताकार हसला नाही. तो पुलाच्या कठड्यावर हात ठेवून गावाकडे वळला. चर्चचा मनोरा, लिंडनची झाडं आणि त्याखाली चौकातला हिरवा हापसा इथून स्पष्ट दिसत होता.

"यार्मिल," तो म्हणाला, "पुढच्या रविवारी जेवायला येशील ना?"

"येईन की. का?"

"येताना मोठा पाना आण. तो हापशाचा दांडा चार नटांवर आहे. डावीकडे बसायला काही हरकत नसावी."